आजीची कवळी का बसत नाही?

अमळनेर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. कापसाची शेती, मुलगी दोन वर्षं लातूरला क्लासला. यंदा दुसऱ्यांदा 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली, ७२० पैकी ४१० गुण. ते लिहितात: "एमबीबीएस यंदाही हुकलं. बीडीएसला नंबर लागेल असं क्लासवाले सांगतात. पण दाताची डॉक्टर म्हणजे अर्धी डॉक्टर, भाऊबंदांना सांगू काय? तिसऱ्यांदा लातूरला ठेवू, की बीडीएस घेऊन दुसऱ्या वर्षी एमबीबीएसला बदलून घेऊ? दोन एकर विकायची तयारी आहे." पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात मुलीच्या चार ओळी आहेत: "मला दातांचंच शिकायचं आहे. आजीची कवळी करून दोन वर्षं झाली, ती डब्यातच पडून असते. आजी भाकरी वरणात भिजवून खाते. कवळी का बसत नाही, ते कोणी सांगत नाही."

नमस्कार भाऊ,

तुमचं तीन पानी पत्र मी दोनदा वाचलं. 'लोक' हा शब्द त्यात नऊ वेळा आला आहे. मुलीला काय हवंय यावर तुमचं एक वाक्य नाही. ते तिने स्वतः लिहिलं, पान संपता संपता उरलेल्या जागेत. तिच्या ४१० गुणांपेक्षा मला या उरलेल्या जागेची जास्त काळजी वाटते.

दोन वर्षांत ती एकाही लग्नाला आली नाही, कानबाईच्या रोटांनाही घरी नव्हती, हे तुम्ही कौतुकाने लिहिलं आहे. मला ते वाचवलं नाही. सणावाराला घर सोडून जी मुलगी एका खोलीत पुस्तकं घेऊन बसली, तिने तिच्या वाटणीचं केलं आहे. आता तिसरं वर्ष कोणासाठी? ती स्वतः म्हणाली असती, "पप्पा, अजून एकदा देते," तर मी वेगळं बोलले असते. ती तसं म्हणत नाहीये. 'लोके काय म्हनतीन' याचं उत्तर देण्यासाठी पोरीचं आणखी एक वर्ष खर्च करू नका. लोक दोन दिवस बोलतील आणि पुढच्या घराकडे वळतील. लातूरच्या खोलीत ३६५ दिवस तिलाच काढायचे आहेत.

बीडीएस घेऊन दुसऱ्या वर्षी एमबीबीएसला बदलता येतं, हे तुम्हाला ज्याने सांगितलं त्याच्यापासून लांब राहा. असं काही नाही. दोन्ही अभ्यासक्रमांचे कायदे वेगळे, नियामक वेगळे. पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे विषय दोन्हीकडे आहेत, त्यावरून ही अफवा उठते. पण विषय सारखे म्हणून जागा बदलत नाही. एमबीबीएस हवंच असेल तर पुन्हा नीट द्यायची आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची. मध्येच जागा सोडण्याबद्दलचे आणि दंडाचे नियम प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत असतात, ते आधी वाचा. मनात एमबीबीएस ठेवून बीडीएसला बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ती दोन्हीकडची राहत नाहीत.

आता 'अर्धी डॉक्टर'. बीडीएस पाच वर्षांचं आहे, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, जनरल मेडिसिन, जनरल सर्जरी हे सगळं त्यात शिकावं लागतं. पुढे एमडीएस, म्हणजे त्यातलंच वरचं शिक्षण, तीन वर्षांचं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरी आपल्या गावागावांतल्या पोरांच्या खिशात पुड्या आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा पोराचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं. आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, गालाच्या आत पांढरे घट्ट पट्टे लागत असतील, तर तो कॅन्सरच्या वाटेवरचा आजार असू शकतो. दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या तोंडात तो बहुतेक वेळा सर्वांत आधी दाताच्या डॉक्टरलाच दिसतो. तिने वेळेत तपासणीला पाठवलं तर माणूस वाचतो. भाऊबंदांना हे सांगा.

आणि बेटा, आता तुझ्याशी. तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे. दात काढल्यावर जबड्याचं हाड तसंच राहत नाही, वर्षागणिक झिजत जातं. ज्या हाडावर माप घेतलं ते खाली बसतं, कवळी सैल होते, हलते, टोचते, आणि मग माणूस ती डब्यात ठेवून देतो. कधी मापच नीट घेतलेलं नसतं. कधी आतून नवा थर देऊन भागतं, कधी नवी करावी लागते. आजींचं यातलं काय आहे, ते तोंड पाहिल्याशिवाय कळणार नाही. बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला मुलं प्रयोगशाळेत पूर्ण कवळी बनवायला शिकतात, आणि एमडीएसमध्ये याची स्वतंत्र शाखा आहे. पण हे हाताचं काम आहे. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात, मिलिमीटर चुकला की पुन्हा. साबणाची एक वडी घे, आरशात आपली दाढ बघ आणि ती कोरून पाहा. तीन-चार वड्या वाया जातील. पाचवी घ्यावीशी वाटते का, ते मला कळव. दिवसभर मान वाकवून बसण्याची तयारी आहे का, याचाही विचार कर.

भाऊ, जमीन विकू नका. २०२४-२५ पासून राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावं, मुलगी आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास किंवा इतर मागास प्रवर्गातली असावी आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतूनच व्हावा. संस्थेच्या कोट्यातून किंवा एजंटच्या हातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही, अभिमत विद्यापीठालाही नाही. म्हणून तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका. वसतिगृह, हत्यारं, साहित्य यांचा खर्च मात्र तुमचाच. फेरीत जागा लागली तर घ्या. नाही लागली तर पैसे भरून घेऊ नका, मला पुन्हा लिहा, आपण दुसरं पाहू.

एक गोष्ट आधीच ऐका. बीडीएस झालं आणि लगेच पैसा सुरू झाला असं होत नाही. जिल्हा रुग्णालयांत दंतचिकित्सकाची पदं मोजकी असतात. पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात कमी पैशांत काम करावं लागतं. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, निर्जंतुकीकरणाचं यंत्र घेऊन स्वतःचा दवाखाना टाकायचा तर भांडवल लागतं. तेव्हा ती जमीन तारण ठेवायला तरी शिल्लक असू द्या.

फेरीचा फॉर्म भरण्याआधी एक दिवस काढा. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, तिथे शिकणारी मुलं आणि त्यांचे शिक्षक रुग्ण तपासतात. आजी आणि मुलगी, दोघींना घेऊन जा. आजींचं तोंड तपासताना मुलीला शेजारी उभं राहू द्या, तिला जे विचारायचं ते विचारू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा. सकाळी लवकर निघा, केसपेपरला रांग असते. आजी मिश्री लावत असतील तर त्या दिवशी लावू नका म्हणावं. आणि डब्यातली जुनी कवळी सोबत न्यायला विसरू नका, ती बघायला मागतील.