कंस टाकायला पैसे पडत नाहीत

प्रश्न : नमस्कार सर, मी एका पतसंस्थेत डेटा एन्ट्रीला लागले, आता रिपोर्टपण माझ्याच गळ्यात आलेत. सातारा आणि कराड शाखेचे, 10000 च्या वर थकबाकी असलेले खातेदार हवे होते. मी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत अट लिहिली : व्हेअर शाखा = 'सातारा' ऑर शाखा = 'कराड' अँड थकबाकी > 10000. कराडचे बरोबर आले पण साताऱ्याचे झाडून सगळे आले, बाकी शून्य असलेलेसुद्धा, आणि त्यांना वसुलीचे एसेमेस गेले!! चुकलं कुठे?

उत्तर : आधी हे सांगतो की ही चूक मी पण केलीये, आणि एकदा नाही. आपल्याला वाटतं डेटाबेस डावीकडून वाचत जातो, पण तसं नसतं, शाळेत 2 + 3 × 4 चं उत्तर 20 नाही 14 यायचं ना, आधी गुणाकार मग बेरीज, तसंच इथे आधी अँड (आणि) मग ऑर (किंवा), डेटाबेस मायएसक्यूएल घ्या नाहीतर ओरॅकल (नॉट, म्हणजे 'नाही', त्याचा नंबर तर अँडच्याही आधी). म्हणजे 10000 ची अट फक्त कराडला चिकटली आणि सातारा मोकळं सुटलं. अटी मागेपुढे करूनही भागत नाही बरं का, थकबाकी पहिली लिहिली तर ती साताऱ्याला चिकटेल आणि कराडचे सगळे येतील.

कंस टाका : व्हेअर (शाखा = 'सातारा' ऑर शाखा = 'कराड') अँड थकबाकी > 10000. किंवा सरळ इन, म्हणजे 'यापैकी कुठलीही', वापरा : शाखा इन ('सातारा', 'कराड') अँड थकबाकी > 10000. मी इनच वापरतो, उद्या फलटण वाढलं तरी कंसात एक नाव टाकलं की झालं.

अजून एक, तुम्ही प्रश्नातच "सातारा आणि कराड" लिहिलंय, साहेबही तसंच बोलतात. पण ते ऐकून कोणी दोन शाखांमध्ये अँड टाकला की एकही ओळ येत नाही, कारण एकाच ओळीतली शाखा एकाच वेळी सातारापण आणि कराडपण कशी असेल? आपल्या बोलण्यातला असा 'आणि' एसक्यूएलमध्ये ऑर होतो.

आणि पुढच्या वेळी एसेमेस सोडायच्या आधी तीच व्हेअरची अट ठेवून मिन(थकबाकी), म्हणजे सगळ्यात कमी थकबाकी, काढून बघा. आकडा 10000 किंवा त्याच्या खाली आला तर पाठवू नका, कंस बघा.