परकीय गुंतवणुकीने सामान्य माणसाचं भलं होतं का, हे कशावरून ओळखायचं?

विकसनशील देशात परकीय भांडवल आलं की तिथल्या लोकांचं जीवनमान सुधारतं का, असं तुम्ही विचारलंय. किती अब्ज डॉलर आले यावरून ते कळत नाही. धंदा फसला तर तोटा कोणाच्या माथी, हे आधी पाहा.

एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा कोकणातला दाभोळ वीजप्रकल्प घ्या. १९९३ साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने निविदा न मागवता वीस वर्षांचा वीजखरेदी करार केला. दराचे भाग दोन, इंधनखर्च आणि स्थिर आकार. वीज घ्या वा घेऊ नका, स्थिर आकार भरायचाच. समजा तो महिन्याला १०० कोटी रुपये आहे. ५० कोटी युनिट घेतली तर युनिटमागे २ रुपये पडतात, २० कोटीच घेतली तर ५ रुपये. इंधन वेगळं. म्हणजे महाग पडते म्हणून मंडळाने कमी वीज घ्यायची आणि कमी घेतल्यामुळे ती आणखी महाग व्हायची! शिवाय दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये ४७ च्या. मंडळाने पैसे थकवले तर राज्याची हमी, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने भरलं नाही तर केंद्र भरणार. जागतिक बँकेने १९९३ मध्येच कर्ज नाकारलं होतं, तरी कोणी थांबलं नाही. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं बंद केलं आणि प्रकल्प ठप्प झाला. जोखमीचा मोठा वाटा वीजग्राहक आणि करदाते यांच्या गळ्यात घालणारी गुंतवणूक मला तरी गुंतवणूक वाटत नाही.

मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकात वेगळं घडलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलने तिथे चिप-जुळणीचा कारखाना काढला. तो कारखाना होता त्या मुक्त क्षेत्रात (निर्यातीसाठी खास सवलती दिलेल्या भागात) करमाफी होती, स्थानिक पुरवठादारांकडून खरेदीही थोडीच, त्यामुळे सरकार आणि छोटे उद्योजक यांच्या हाती फारसं लागलं नाही. पण कामगार आणि तंत्रज्ञ तयार झाले. २०१४ मध्ये जुळणीचं काम आशियात गेलं, दीड हजारांच्या आसपास नोकऱ्या गेल्या. तरी देश कोसळला नाही, कारण तोवर वैद्यकीय उपकरणांचे कारखाने तिथे रुजले होते.

तेव्हा नव्या प्रकल्पाची बातमी आली की विचारा: सरकारची हमी किती, देणं कोणत्या चलनात, करमाफी किती वर्षं, सुटे भाग कुठून येणार? सामंजस्य करारातला आकडा हा फक्त इरादा असतो. प्रत्यक्ष आलेल्या गुंतवणुकीच्या आकड्यातही चालू कंपनीचे समभाग विकत घेणं आणि इथेच कमावलेला नफा पुन्हा गुंतवणं धरलेलं असतं. त्यातून नवी नोकरी निघेलच असं नाही.