एएस असलेल्या मुलीचे लग्न

"मॅडम, मुलगी एएस निघाली. आता तिचे लग्न कसे जमणार?" चंद्रपूर आणि गडचिरोली भागातील पालकांकडून हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. म्हणून एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे मांडते.

एएस म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक व्यक्ती. तिला बदललेले जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळालेले असते आणि ती सहसा धडधाकट आयुष्य जगते. आजार होतो तो दोघांकडूनही ते जनुक आलेल्या एसएस व्यक्तीला.

या मुलीच्या वडिलांनी अहवाल कपाटात ठेवून तिचे लग्न आत्याच्या मुलाशी लावायचे ठरवले होते. "घरातल्या घरात कोण विचारणार?" असे ते म्हणाले आणि लगेच पुढे म्हणाले, "हे हिच्या माहेरचे आहे." मुलीची आई खाली मान घालून बसली होती. दोष आईकडे सरकवण्याची ही रीत मी इतक्या घरांत पाहिली आहे, की आता मी प्रथम वडिलांच्या घराण्याविषयीच विचारते.

"तुमच्या भावंडांपैकी लहानपणी कोणी गेले का?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग धाकट्या भावाची आठवण निघाली. त्याचे हातपाय ठणकत, डोळे पिवळे होत, आणि दहा-अकराव्या वर्षी तो गेला. घरच्यांनी ती बाहेरची बाधा मानली होती. तो एसएस असावा, हे मी त्यांना सांगितले. तसे असेल तर त्यांचे आई-वडील दोघेही वाहक होते, आणि निरोगी दिसणाऱ्या प्रत्येक भावंडात ते जनुक असण्याची शक्यता तीनांत दोन होती. "म्हणजे माझ्यात? माझ्या बहिणीतही?" त्यांनी विचारले. तपासणीत ते स्वतः एएस निघाले आणि भाचाही एएस निघाला. ज्या सोयरिकीने गोष्ट झाकली जाणार होती, तिच्यात प्रत्येक गर्भारपणी एसएस मूल होण्याची शक्यता चारांत एक होती. पुढच्या भेटीत त्यांनी पत्नीकडे पाहून "तुझ्या माहेरचे नव्हते गं" एवढेच म्हटले, आणि माझ्या मते त्या घराचे खरे वळण तेच होते.

त्यानंतर मुलीने विचारले, "मग हे आमच्यातच का?" या प्रश्नाचे उत्तर मी नेहमी सविस्तर देते, कारण लाज त्यानेच उतरते. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे शास्त्रज्ञ अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. पश्चिम आफ्रिकेत माणसाने जंगल तोडून शेती सुरू केली, उघड्यावर पाणी साचू लागले, वस्तीजवळ डास वाढले आणि त्यामुळेच हे जनुक टिकले, असे मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंगस्टन यांनी 1958 मध्ये मांडले. माणसाच्या राहणीने कोणते जनुक वाढावे हे ठरवले, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. आपल्याकडेही ते मलेरियाच्या पट्ट्यांतच जास्त आढळते. म्हणजे हा घराण्याचा डाग नव्हे. ज्यांच्या अंगी ते होते, त्यांची मुले तापाच्या साथींतून जास्त वाचली.

दुसरी सवय मात्र आपली आहे. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींत आणि नात्यांत सोयरिकी केल्यामुळे ते जनुक त्याच कुटुंबांत फिरत राहिले. समाजात पाचांत एक जण वाहक असेल, तर न तपासता जमवलेल्या पंचवीस लग्नांपैकी सरासरी एकात दोघेही वाहक असतात. लग्न जवळच्या नात्यात असेल तर धोका आणखी वाढतो.

माझे पालकांना सांगणे असे, की एएस मुलीचे लग्न जरूर करा, फक्त जोडीदार एए, म्हणजे हे जनुक अजिबात नसलेला, असल्याची खात्री करून घ्या. त्यांच्या मुलांपैकी काही वाहक होतील, पण सिकलसेलचा आजार कोणालाही होणार नाही. अशा लग्नांनी जनुक नाहीसे होत नाही, आणि होण्याची गरजही नाही. थांबवायची आहे ती मुलांची वेदना. सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली, तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची रक्ततपासणी केल्याशिवाय एएस की एसएस हे ठरत नाही, तेव्हा पूर्ण अहवाल हाती घ्या आणि बोलणी सुरू होण्याआधीच तो समोर ठेवा. लग्न झालेले दोघेही एएस असतील, तर दिवस राहताच समुपदेशकाकडे या. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते, आणि पुढचा निर्णय त्या दोघांचाच असतो, सासरचा किंवा माहेरचा नव्हे.