रामेल्लीची चित्रं वाचायची कशी

जुन्या यंत्रांची चित्रं वाचायला शिकायचं असेल तर सुरुवात अगोस्तिनो रामेल्ली या सोळाव्या शतकातल्या इटालियन अभियंत्यापासून कर. त्याचा यंत्रांचा ग्रंथ १५८८ साली पॅरिसमध्ये निघाला. १९५ चित्रं, मजकूर इटालियन आणि फ्रेंचमध्ये. पण पानं भराभर उलटू नकोस, हे कळकळीनं सांगतो. पाणी उपसण्याच्या यंत्राचं एकच चित्र घे, अशी ढीगभर आहेत. पाणचक्कीवर बोट ठेव आणि जोर आसावरून, दातेरी चाकांतून पंपाच्या दट्ट्यापर्यंत कसा पोचतो ते बघत जा. भागांवरची अक्षरं मजकुरात शोध.

मग १८८वं चित्र उघड: पुस्तकांचं फिरतं चाक, म्हणजे उघडी पुस्तकं ठेवायच्या तिरप्या फळ्या लावलेलं मोठं उभं चाक. चाक फिरलं तरी फळ्यांचा कल तोच राहतो, कारण बाजूला दातेरी चाकांची गुंफण आहे. खरंतर जत्रेतल्या पाळण्यासारख्या फळ्या नुसत्या टांगल्या असत्या तरी भागलं असतं! तरी त्यानं दातेच निवडले. तिथं जरा थांब.