जर्मनीतल्या रोथेनबुर्ग या तटबंदीच्या जुन्या गावी आई-बाबांना घेऊन जायचंय. एक दिवस पुरेल का? तटावर चालणं जमेल का? आसपास काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरमध्ये आई-बाबा येताहेत, मुक्काम न्युरेंबर्गला आहे, बाबांचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी आहेत, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचा विचार आहे. मी नऊ वर्षं न्युरेंबर्गजवळच्या एर्लांगेनला राहते आणि भारतातून घरी कोणी आलं की त्यांना रोथेनबुर्गला नेतेच. माझं ऐकाल तर एक रात्र तिथेच राहा, आणि खोली तटाच्या आतच घ्या.

मी पहिल्यांदा गेले ती एका सहलीच्या बसने. अकराला उतरवलं, दीडला परत बोलावलं. प्लोनलाइनचा फोटो काढला (पिवळं तिरपं घर आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वेशी, कॅलेंडरवर असतो तोच), नाताळच्या दुकानांतून फिरले, बाकी सगळा वेळ गर्दीतच गेला. गाव अजिबात आवडलं नाही. पुढे आई-बाबा आले तेव्हा बाबांना दगदग नको म्हणून खोली घेतली. संध्याकाळी बसेस गेल्या, दुकानं मिटली आणि रस्त्यावर तिथलीच माणसं उरली. एक बाई खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंड्यांना पाणी घालत होती, त्याचे थेंब खालच्या दगडी फरशीवर पडत होते, आणि तेवढाच काय तो आवाज. त्या संध्याकाळी हे गाव मला पहिल्यांदा दिसलं.

गाव इतकं जुनं कसं राहिलं हे आई-बाबांना आधी सांगून ठेवा. 1274 साली रोथेनबुर्गला स्वतंत्र शाही नगराचा दर्जा मिळाला, म्हणजे मध्ये कोणी राजा-सरदार नाही, थेट सम्राटाच्या हाताखाली. पुढची दोनेकशे वर्षं भरभराटीची गेली. मग तीस वर्षांच्या युद्धात (1618 ते 1648) गाव पुरतं पिळून निघालं. 1631 मध्ये सेनापती टिलीने ते जिंकलं. माजी नगराध्यक्ष नुश यांनी टिलीच्या पैजेखातर सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन गाव वाचवलं ही त्याच वेळची दंतकथा, चौकातल्या घड्याळाच्या खिडक्या उघडून दर तासाला दाखवतात. त्यानंतर नवं बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनं पाडलंही गेलं नाही.

पण आज जे दिसतं ते सगळं जुनं नाही, आणि माझ्या मते इथली खरी बघण्याची गोष्ट हीच आहे. 31 मार्च 1945 ला अमेरिकन बाँबफेकीत गावाचा पूर्वेकडचा भाग गेला. तीनशेहून जास्त घरं, नऊ बुरूज आणि सहाशे मीटरपेक्षा जास्त तट. युद्धानंतर तट पुन्हा उभा केला तो जगभरातून आलेल्या देणग्यांवर. तुम्ही तटावर चढलात की आतल्या भिंतीत छोट्या दगडी पाट्या दिसतील. नाव, गाव आणि पुढे किती मीटर. कुणाचा एकच मीटर, कुणाचे पाच. जपानी नावं तर ओळीने सापडतात. माझे बाबा एकेका पाटीवर बोट फिरवत वाचत होते. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव कोरतात तसंच आहे हे, म्हणाले.

तटावर चालणं कितपत जमेल? वर चढायला रोडर वेशीपाशी दगडी जिना आहे, पायऱ्या उंच आहेत. एकदा चढलं की फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, बऱ्यापैकी सपाट आहे, डोक्यावर कौलारू छप्पर आहे, त्यामुळे पाऊस आला तरी काही बिघडत नाही. एका हाताला जंग्या (मारा करायच्या फटी) असलेली भिंत, दुसऱ्या हाताला लाकडी कठडा आणि खाली लोकांची परसदारं. जवळजवळ अडीच किलोमीटर असं चालता येतं, पण सगळं चालायची गरज नाही. मध्ये मध्ये उतरायला जिने आहेत, बाबा दमले की तिथे उतरा. समोरून कोणी आलं तर एकाला भिंतीशी थांबावं लागतं, म्हणून सकाळी नऊच्या आत जा. टाउन हॉलच्या मनोऱ्यावर मात्र त्यांना नेऊ नका, दोनशेवर पायऱ्या आहेत आणि शेवटी जवळपास शिडीच आहे. तुम्ही एकटे जाऊन या.

सेंट याकोबचं चर्च चुकवू नका. तिकीट आहे, ते काढा आणि मागच्या बाजूच्या जिन्याने वर जा. तिथे टिलमन रीमेनश्नायडर या जुन्या जर्मन शिल्पकाराची लिंडेनच्या लाकडातली वेदी आहे, 1500 च्या सुमाराला कोरायला घेतलेली. येशूचं शेवटचं भोजन आहे, पण मधोमध येशू नाही, त्याला पकडून देणारा शिष्य यूदास उभा आहे, हातात पैशांची थैली घेऊन. लाकडाला रंग दिलेला नाही, त्यामुळे चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसते. मूर्तींच्या मागे लहान काचेच्या खिडक्या आहेत. दुपार कलल्यावर पश्चिमेचं ऊन तिथून आत येतं, तीच वेळ गाठा. आम्ही पाऊण तास बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्याच्या बागेत जा. किल्ला 1356 च्या भूकंपात पडला, आता झाडं आणि बाकं आहेत, खाली टाउबर नदीचं खोरं. 1298 मध्ये इथल्या ज्यूंची कत्तल झाली, त्यांच्या स्मरणार्थ तिथे शिळा आहे. दोन मिनिटं थांबा तिथे. खोऱ्यात चालत उतरण्याऐवजी टॅक्सीने डेटवांगला जा, गुडघ्यांना उतार जास्त त्रास देतो. डेटवांग हे रोथेनबुर्गपेक्षाही जुनं खेडं, आणि तिथल्या लहानशा चर्चमध्येही रीमेनश्नायडरची वेदी आहे. बहुतेक वेळा बघायला आपण सोडून कोणी नसतं.

रात्री आठला चौकातून रात्रपहारेकऱ्याच्या वेशातल्या वाटाड्याबरोबर इंग्रजीतून फेरी निघते. हातात भाला आणि कंदील. तासभर चालतो आणि बोलतो छान. वेळ एकदा हॉटेलात विचारून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर केझेश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेल्या घरगुती शेवया, सगळीकडे मिळतात. ऑर्डर देताना ‘ओह्ने श्पेक’ म्हणा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे येऊ शकतात, आणि शेवयांत अंडं असतं हेही आधी सांगून ठेवा. श्नेबालन नावाचे तळलेले गोळे प्रत्येक दुकानात मांडलेले असतात. पिठाच्या पट्ट्या गुंडाळून तळायच्या आणि वर पिठीसाखर, चव साधारण आपल्या चिरोट्याच्या जवळची. त्यातही अंडं असतं. स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, जेवण फेरीच्या आधीच उरका.

जाताना न्युरेंबर्गहून अन्सबाख आणि मग श्टाइनाखला गाडी बदलायची. तिकीट काढताना ‘ओब डेर टाउबर’ असं पूर्ण नाव टाका, रोथेनबुर्ग नावाची गावं अनेक आहेत. स्टेशनपासून रोडर वेस दहा-पंधरा मिनिटांवर आहे, पण आत दगडी फरसबंदी आहे, चाकांच्या बॅगा कमीत कमी घ्या.

आणखी एक दिवस असेल तर आणि गाडी भाड्याने घेणार असाल तर दक्षिणेला डिंकेल्सब्युल बघत नोर्डलिंगनला जा. डिंकेल्सब्युल सुंदर आहे, शांत आहे, दोन तास पुरे. उरलेला सगळा दिवस नोर्डलिंगनला द्या. तिथला तट कुठेही न तुटता पूर्ण गोल आहे, 2.7 किलोमीटर, आणि ते गाव वसलंय दीड कोटी वर्षांपूर्वी अशनी पडून झालेल्या, साधारण 24 किलोमीटर रुंद विवरात. 1960 मध्ये तिथल्या खडकात कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली तयार होणारं खनिज सापडलं आणि हा ज्वालामुखी नसून आघात आहे हे सिद्ध झालं. चर्चचा 90 मीटरचा डॅनियल मनोरा त्याच आघाताने घडलेल्या दगडाचा आहे, आणि त्या दगडात डोळ्यांना न दिसणारे बारीक हिरे आहेत. अपोलो 14 च्या अंतराळवीरांनी 1970 मध्ये इथे खडक ओळखायचा सराव केला होता. गावातल्या विवराच्या संग्रहालयात चंद्रावरून आणलेला दगड ठेवलाय.

माझे बाबा मूळचे मेहकरचे, लोणारचं विवर त्यांच्या घरापासून तासाभरावर. ते पावणेदोन-दोन किलोमीटरचं, काठावर उभं राहिलं की एका नजरेत मावतं. नोर्डलिंगनच्या तटावरून ते कितीतरी वेळ कडा शोधत होते. मी लांबच्या निळसर टेकड्यांकडे बोट दाखवलं, तेव्हा म्हणाले, ‘म्हणजे आपण आत आहोत?’