वाचकांचे प्रश्न : पाणी, पेपर स्प्रे आणि गर्दी

प्रश्न : पूर किंवा संचारबंदीसाठी घरात पाणी किती ठेवावं? साठा संपला तर मिळेल ते पाणी कसं शुद्ध करायचं?

उत्तर : माणशी दिवसाला चार लिटर धरा. पिणं, स्वयंपाक आणि जेमतेम हात-तोंड धुणं त्यात भागतं. अंघोळ आणि संडासचं पाणी वेगळं. चौघांना तीन दिवसांचे ४८ लिटर लागतात. ते पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये भरा. मोठा पिंप उचलून जिना चढता येत नाही, आणि कुणाचा हात किंवा भांडं त्यात बुडालं की सगळाच साठा संशयास्पद. दुधाच्या बाटल्या मात्र कितीही घासल्या तरी घेऊ नका, त्यांच्या प्लॅस्टिकला दुधाचा अंश चिकटून राहतो आणि जंतूंना तेवढं पुरतं.

गढूळ पाणी आधी निवळू द्या, मग चारपदरी सुती कापडातून गाळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळा. दोन हजार मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं. इंधन नसेल तर घरगुती ब्लीच चालतं, पण बिनसुगंधी आणि ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं. लिटरला दोन थेंब टाकून ढवळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि वास घ्या. क्लोरिनचा पुसटसा वास आलाच पाहिजे. नाही आला तर पुन्हा तेवढेच थेंब टाकून १५ मिनिटं थांबा. तरीही वास नसेल तर ते पाणी पिऊ नका. बहुतेक वेळा चूक बाटलीची असते: ब्लीच पडून पडून, त्यातही उष्णतेत, निकामी होतं. म्हणून बाटलीवर खरेदीची तारीख लिहा आणि दरवर्षी नवी आणा. पाण्यात रॉकेल-पेट्रोल किंवा कीटकनाशक मिसळलं असेल तर उकळणं आणि ब्लीच दोन्ही व्यर्थ.

प्रश्न : दंगलीच्या भीतीने पेपर स्प्रे घेतलाय. पुरेसा आहे का?

उत्तर : एकट्यादुकट्याला रोखायला, हो. जमावापुढे त्याचा उपयोग नाही, उलट लोक चिडतात. आधी तुमच्याकडचा कायदा त्याला परवानगी देतो का ते बघा. छोट्या डब्याचा मारा साधारण दोन ते चार मीटरच असतो आणि समोरून वारा असेल तर फवारा तुमच्याच डोळ्यांत येतो. लिफ्टमध्ये, गाडीत वापरू नका. डोळ्यांवर सेकंदभर फवारा मारा आणि लगेच बाजूला होऊन पळा. परिणाम बघत थांबणारे तिथेच फसतात. वापरण्याची मुदत डब्यावर छापलेली असते. ती उलटली की आतला दाब गेलेला असू शकतो. आणि पर्सच्या तळाशी, किल्ल्यांखाली गेलेला स्प्रे नसल्यातच जमा.

प्रश्न : मोर्चाच्या गर्दीत अडकलो आणि अश्रुधूर सुटला तर?

उत्तर : गर्दीत बरेच मृत्यू तुडवलं जाऊन नव्हे, तर उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन होतात. चहूबाजूंनी खांदे टेकू लागले की लगेच निघा. जमलं नाही तर मुठी छातीपुढे आणि कोपरं जरा बाहेर ठेवा, म्हणजे छाती फुलायला जागा राहते. लोंढ्याला उलटं रेटू नका. धक्क्याची लाट ओसरली की तिरके कडेला सरका, पण भिंती-कुंपणाच्या बाजूला नको. चप्पल निघाली तर निघू दे, वाकू नका. पडलात आणि उठता येत नसेल तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्या, हातांनी डोकं झाका.

अश्रुधूर हा खरं तर बारीक भुकटीचा धुरळा असतो. आधी वाऱ्याला आडवं चालत त्याच्या पट्ट्यातून बाहेर पडा, मग वारा येतोय त्या बाजूला चाला. डोळे चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स काढून फेका आणि साध्या पाण्याने १० ते १५ मिनिटं डोळे धुवा. टी-शर्ट डोक्यावरून काढलात तर सगळी भुकटी तोंडावर येईल. सरळ कात्रीने कापा.

प्रश्न : वीज गेल्यावर जनरेटर बाल्कनीत चालवला तर चालेल का?

उत्तर : नाही. दार लावलं तरी नाही. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठतच नाही. उघड्यावर, दारंखिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब ठेवा, धुराड्याचं तोंड घराकडे नको.