नदीची बँक, पैशाची बँक आणि शाळेतला बाक

तुम्ही विचारलंय, नदीचा काठ आणि पैशाची बँक या दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द कसा? आणि 'दोन काठांमधून पाणी वाहतं तसा बँकेतून पैसा वाहतो' हे मुलीला शिकवणीत सांगितलेलं कारण खरं का?

खरं नाही. पैशाच्या बँकेचं नातं पाण्याशी नाही, बाकाशी आहे. मध्ययुगात इटलीतल्या शहरांत नाणी बदलून देणारे सराफ बाजारात बाक मांडून धंदा करत. त्या बाकाला 'बांका' किंवा 'बांको' म्हणत. हळूहळू धंद्यालाच ते नाव चिकटलं आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोचलं. 'बँकरप्ट' त्यातलाच : 'बांका रोत्ता', मोडलेला बाक. बुडालेल्या सराफाचा बाक लोक खरोखरच फोडत, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. मला ती शब्दावरून मागाहून रचलेली वाटते. आपल्याकडे 'दिवाळं' शब्दाचा संबंध बुडीत सराफानं भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवण्याच्या चालीशी जोडतात, ते इथे आठवतं.

काठाची बँक इंग्रजीत कितीतरी आधी आली, तीही दुसऱ्याच वाटेनं. इंग्लंडच्या उत्तरेला वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतला हा शब्द. अर्थ मातीचा उंचवटा. वळताना विमान एका अंगाला कलतं, त्याला वैमानिक 'बँक' म्हणतात ते या उंचवट्याच्या उतारावरून.

म्हणून इंग्रजी कोश यांच्या नोंदी वेगवेगळ्या देतात. पण आणखी खाली उतरलं की गंमत आहे. इटालियन 'बांका' लॅटिनमधून आलेला नाही, तो जर्मानिक लोकांकडून घेतलेला. आणि त्याचं मूळ नि काठाच्या बँकेचं मूळ एकच. इंग्रजी 'बेंच'ही तिथलाच. म्हणजे ही लहानपणी ताटातूट झालेली भावंडं, इंग्रजीत येऊन पुन्हा भेटलेली. जर्मनमध्ये अजूनही बसायचा बाक आणि पैशाची बँक, दोन्ही 'बांक'च. फक्त अनेकवचनात बाकांचे 'बेंके' होतात आणि बँकांचे 'बांकेन'.

आता मुलीला सांगण्याजोगी गोष्ट. ती वर्गात ज्यावर बसते तो 'बाक' पोर्तुगीज 'बांको'वरून मराठीत आला. म्हणजे तिचा बाक आणि नाक्यावरची बँक एकाच घराण्यातले! (म्हातारपणी पाठीला येणारा बाक मात्र वेगळा. तो वाकडेपणाचा, संस्कृत 'वक्र'च्या कुळातला. एका रूपात दोन शब्द दडण्याचा प्रकार मराठीतही आहे, तो असा.)

मला सर्वात आवडतो तो आपला जुना शब्द, 'पेढी'. तो 'पीठ' म्हणजे बसण्याची जागा, आसन, यावरून आलेला. इटलीतला सराफ बाकावर बसला, आपला पेढीवर. दोन्हीकडे बैठकीचंच नाव धंद्याला पडलं, आणि कुणी कुणाकडून उसनं घेतलं नाही. म्हणूनच भाषांतर करताना 'पेढी' इतकी चपखल बसते. १९३७ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी साठवलेल्या रक्ताच्या सोयीला 'ब्लड बँक' हे नाव दिलं, आपण तिला रक्तपेढी म्हटलं. 'व्होट बँक' तर भारतातच रुळलेला शब्द. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ मध्ये म्हैसूरकडच्या एका गावाबद्दल लिहिताना तो वापरला, आणि मराठी वर्तमानपत्रांनी त्याची मतपेढी केली.